पहिली जंगलवारी : ठाणे आणि नवी मुंबईच्या नवख्यांसाठी

काही वर्षांपूर्वी ठाण्याहून आम्ही सहा जणी पहिल्यांदाच ताडोबाला गेलो होतो. सकाळच्या फेरीत एका वळणावर बांबूच्या बनातून सांबराचा आवाज आला आणि गाइडने जिप्सी थांबवून इंजिन बंद करायला लावले. तो आवाज कशाचा आणि कशासाठी, हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हते. पाच मिनिटे आम्ही कशीबशी काढली आणि मग पुढच्या पाणवठ्यावर चला, असा आग्रह धरला. अर्ध्या तासाने त्याच वाटेने परतताना गाइडने काही न बोलता खाली बोट दाखवले. आमच्याच गाडीच्या चाकोऱ्यांवर वाघिणीचे ताजे ठसे उमटलेले होते.

त्या दिवसापासून मी नवख्यांना एकच क्रम सांगत आले आहे. गप्प बसणे, ऐकणे आणि वाट पाहणे या तीन गोष्टी आधी घराजवळ शिकाव्यात आणि त्यानंतरच वाघाच्या जंगलावर पैसे खर्च करावेत. ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांना हे फार सोयीचे आहे, कारण एका बाजूला येऊरचे जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी आणि पनवेलच्या पुढे कर्नाळा, ही तिन्ही ठिकाणे सकाळी जाऊन दुपारच्या जेवणापर्यंत घरी परतता येईल इतकी जवळ आहेत.

पहिला टप्पा : आपण नेमके कुठे चाललो आहोत?

राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. कायद्यात मात्र त्यांचे अर्थ वेगळे आहेत आणि प्रवेशाचे बरेचसे नियम त्या अर्थांवरूनच ठरतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यासारखे हक्क चालत नाहीत, तर अभयारण्यात आजूबाजूच्या गावांचे काही हक्क परवानगीने चालू राहू शकतात. व्याघ्र प्रकल्प हा अशा क्षेत्रांवर दिला जाणारा आणखी एक दर्जा आहे. त्यात वाघांसाठी कडकपणे राखलेला गाभा असतो, त्याला कोअर म्हणतात, आणि त्याच्याभोवती गावे आणि शेते सामावून घेणारा बफर असतो. महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर असे सहा व्याघ्र प्रकल्प आहेत. राष्ट्रीय उद्यानेही सहाच आहेत, आणि त्यांतले एक, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ठाणेकरांच्या अक्षरशः परसात आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या उद्यानाच्या बोरिवलीकडील भागात व्याघ्र-सिंह सफारी आहे, पण त्यातील वाघ आणि सिंह कुंपणाच्या आत ठेवलेले आणि माणसांनी सांभाळलेले आहेत. लहान मुलांना ती सफारी अवश्य दाखवावी. मात्र 'जंगलात वाघ पाहिला' असे तिच्यावरून मुलांना सांगू नये. या उद्यानाचा खरा, मुक्त रहिवासी बिबट्या आहे.

दुसरा टप्पा : येऊरची पायवाट

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि त्याचा ठाण्याकडील उतार म्हणजे येऊर. ठाणे परिवहनची बस येऊरला जाते, त्यामुळे स्वतःचे वाहन असण्याची गरज नाही. रस्त्याच्या कडेने फिरणे वेगळे आणि जंगलातील पायवाटेवर जाणे वेगळे, हे लक्षात ठेवावे. पायवाटेसाठी वन विभागाची परवानगी लागते आणि ती न घेता आत शिरणे हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेस एकट्याने जाऊ नये. पक्षिनिरीक्षणाच्या एखाद्या गटाबरोबर किंवा वाट माहीत असलेल्या स्थानिक माणसाबरोबर जावे. पावसाळ्यात ओढ्या-धबधब्यांकडे जाण्यावर बंदी घातली जाते, आणि दरवर्षी बुडून होणारे मृत्यू पाहता ती मनापासून पाळली पाहिजे.

पहिल्या दिवशी बिबट्या दिसावा अशी अपेक्षा ठेवू नये, किंबहुना तो न दिसणेच स्वाभाविक आहे. २०१८ च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात हे उद्यान आणि त्याच्या लगतचा परिसर मिळून ४७ बिबटे नोंदवले गेले होते, तरी येऊरच्या पाड्यांवर जन्म काढलेल्या माणसांनाही तो क्वचितच समोर येतो. इथल्या वारली समाजात वाघ-बिबट्याच्या रूपातील वाघोबाला देव मानतात. बिबट्याच्या शेजारी राहण्याची सवय या डोंगरांत किती जुनी आहे, ते यावरून कळते. मग नवख्याने येऊरमध्ये करायचे काय? एक सोपा अभ्यास सांगते. सकाळी उजाडताना एखाद्या मोठ्या झाडाखाली वीस मिनिटे न बोलता बसावे आणि ऐकू येणारे वेगवेगळे आवाज फक्त मोजावेत. कोणता पक्षी कोणता, हे ओळखता आले नाही तरी चालेल. पहिली सात-आठ मिनिटे अस्वस्थ वाटते, मोबाइल काढावासा वाटतो. त्यानंतर आपल्या येण्याने गप्प झालेले पक्षी पुन्हा बोलू लागतात आणि जंगल आपल्याला विसरले आहे असे जाणवते. ही जाणीव एकदा झाली, की पुढे जिप्सीत थांबायला सांगितले असता जड जात नाही.

बसून झाल्यावर वाटेवरच्या खुणा पाहाव्यात. धुळीत किंवा ओल्या मातीत ठसा दिसला तर नखांची टोके उमटली आहेत का ते पाहावे. कुत्र्याच्या ठशात नखे दिसतात, मांजरकुळातील प्राणी चालताना नखे आत घेतात, म्हणून बिबट्याच्या ठशात ती सहसा उमटत नाहीत. ठशाच्या कडा कोरीव असतील तर तो ताजा, आणि कडा ढासळल्या असतील किंवा त्यावरून किड्यांच्या वाटा गेल्या असतील तर तो जुना. एवढे दोन नियम येऊरमध्ये पक्के झाले तरी विदर्भात गाइडचे बोलणे निम्म्याहून अधिक समजते.

बिबट्या समोर आलाच तर पळू नये, पाठ फिरवू नये, खाली वाकू किंवा बसू नये. मुले बरोबर असतील तर त्यांना लगेच कडेवर घ्यावे, बिबट्याला जाण्यासाठी वाट मोकळी ठेवावी आणि हळूहळू मागे सरकावे. आणि खाण्याचा कचरा कधीही मागे सोडू नये. कचऱ्यामागे भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. या साखळीची किंमत पाड्यांवरच्या मुलांना मोजावी लागते.

तिसरा टप्पा : खाडी आणि भरती-ओहोटीचे गणित

नवी मुंबईकरांनी येऊरऐवजी येथून सुरुवात केली तरी हरकत नाही. ठाणे खाडीच्या पश्चिम बाजूला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. ऐरोलीच्या खाडीकाठी वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. आधी केंद्र पाहावे आणि मग बोटीने खाडीत जावे. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे असा असतो आणि त्यातही जानेवारीपासून पुढे थवे मोठे होत जातात.

खाडीवर घड्याळापेक्षा पाण्याची वेळ मोठी. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित किंवा अग्निपंख, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात चरतात, आणि बोट चालायला तर पुरेसे पाणी लागते. त्यामुळे बोटीची वेळ रोज बदलते आणि ती भरतीच्या वेळापत्रकावरून ठरते. पाणी चढू लागले की चिखलाचे पट्टे आकसत जातात, पक्षी उरलेल्या पट्ट्यांवर दाटी करतात आणि तेव्हा ते सर्वांत चांगले दिसतात. पूर्ण भरतीला हेच थवे उडून नेरूळ-सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळींवर विसाव्याला येतात. म्हणूनच शहराला निरुपयोगी डबकी वाटणाऱ्या त्या जागा या पक्ष्यांच्या दिनक्रमाचा अर्धा भाग आहेत, आणि त्या बुजल्या तर खाडी राखूनही उपयोग होणार नाही असे मला वाटते.

भरतीची अंदाजे वेळ काढण्याची कोकण किनाऱ्यावरची एक जुनी रीत नवख्यांनी अवश्य शिकावी : तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी अधिक चढते आणि अधिक उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी राहतो. हा अंदाज दिवस निवडण्यापुरता वापरावा आणि बोटीची नेमकी वेळ केंद्राकडून घ्यावी.

खाडीत दोन जातींचे रोहित एकत्र दिसतात. मोठा रोहित उंच, फिकट, आणि त्याची चोच गुलाबी असून टोकाला काळी असते. छोटा रोहित ठेंगणा, अधिक गडद, आणि त्याची चोच दुरून पाहता सगळीच काळपट लाल दिसते. थव्यात राखाडी, मळकट पक्षी दिसले तर ते आजारी नसून लहान वयाचे असतात. गुलाबी रंग अन्नातील रंगद्रव्यांमुळे हळूहळू चढतो. पण फक्त गुलाबी रंग शोधत राहिले तर खाडीचा बराच भाग नजरेतून सुटतो. तिवरांच्या मुळांशी चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे, लांब लाल पायांचे शेकाटे, एका ठेक्यात चिखल टोचत जाणारे पाणटिवळे, आणि नशीब चांगले असेल तर कांदळवनाच्या कडेला उभा असलेला कोल्हा, हेही पाहावे. बोटीतून थवा उडवण्यासाठी टाळ्या वाजवायला कोणी सांगितले तर स्पष्टपणे नकार द्यावा. हजारो मैलांच्या किंवा शेकडो मैलांच्या प्रवासासाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला प्रत्येक अनावश्यक उड्डाण महाग पडते.

चौथा टप्पा : कर्नाळा, आणि मग मुक्कामाचे अभयारण्य

कर्नाळा पक्षी अभयारण्य पनवेलपासून सुमारे बारा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत आहे आणि पनवेलहून पेणच्या बाजूला जाणाऱ्या एस.टी.ने तेथे उतरता येते. किल्ल्याचा सुळका पाहायला येणारी गर्दी उशिरा येते, म्हणून गेट उघडताच आत जावे. महामार्गाचा आवाज मागे पडेपर्यंत चालावे आणि मग थांबत थांबत जावे. पांढऱ्या लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक, शेपटीला दोन तारा लावल्यासारखा दिसणारा भृंगराज आणि पावसाच्या तोंडावर माणसासारखी शीळ घालणारा मलबारी कस्तूर ही येथली ठळक नावे. पहिल्या पावसानंतर तिबोटी खंड्या मातीच्या कड्यात बीळ करून घरटे करतो. चिमणीएवढा, अनेक रंगांचा हा पक्षी पाहण्यासाठी दुरून लोक येतात. त्याच्या बिळासमोर ठाण मांडून बसणाऱ्या छायाचित्रकारांमुळे आईबापांना पिलांपर्यंत पोचता येत नाही, म्हणून घरट्याच्या जवळ थांबूच नये, आणि घरट्याची जागा कोणाला सांगूही नये.

त्यानंतर एक मुक्काम करावा. मुरूड-रोह्याकडील फणसाड किंवा पुणे जिल्ह्याच्या सीमेवरचे भीमाशंकर येथे महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू पाहण्याची चांगली संधी असते. उंच झाडांच्या शेंड्यावरून पडणारे फळांचे कुरतडलेले तुकडे दिसले की मान वर करावी. शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्यात २०१४ मध्ये दुर्मीळ वन पिंगळा आढळला. मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाभोवतीचे हे जंगल बहुतेक ठाणेकरांनी पाहिलेलेच नसते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग काही अभयारण्यांत पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसण्याची संधी देतो. त्याची नोंदणी आधी जाहीर होते आणि जागा थोड्या असतात. नवख्याला एका रात्रीत जंगल शिकवणारा याहून चांगला उपक्रम माझ्या माहितीत नाही, फक्त रात्रभर न बोलता बसण्याची तयारी हवी.

पाचवा टप्पा : व्याघ्र प्रकल्पाचे बुकिंग

ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ मध्ये घोषित झालेले. १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. पहिल्या वाघाच्या जंगलासाठी मी ताडोबाच सुचवते, कारण तेथे वाघ दिसण्याची शक्यता बरी आहे आणि रस्ते, गाइड व निवास यांची घडी बसलेली आहे. पेंच दुसऱ्या खेपेला ठेवावा. मेळघाट, जो १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्प योजनेतील पहिल्या नऊ जंगलांपैकी एक आहे, तो डोंगर-दऱ्यांचे जंगल आवडू लागल्यावर पाहावा. तेथे वाघ क्वचित दिसतो आणि जंगल मात्र भरभरून दिसते.

ऋतू आधी ठरवावा. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअर बंद असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळीकडे हिरवे असते, गवत उंच असते, प्राणी दिसणे कठीण जाते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी कडाक्याची थंडी असते, पण दिवस सुखाचा जातो आणि स्थलांतरित पक्षी असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुललेला असतो, सागाची पाने गळू लागतात आणि नजर लांबवर पोचते. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, ओढे आटतात आणि वाघ पाणवठ्यावर येतात, म्हणून गर्दीही तेव्हाच होते. लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर मेचा हट्ट धरू नये, मार्चचा पहिला पंधरवडा सर्वांना मानवतो.

नंतर गेट ठरवावे, आणि गेट ठरल्यावरच निवासाचे पाहावे. नवखे हा क्रम नेमका उलटा करतात. मोहर्ली आणि झरी ही गेटे चंद्रपूरच्या बाजूने सोयीची, तर कोलारा आणि नवेगाव ही नागपूरकडून चिमूरमार्गे येणाऱ्यांना सोयीची आहेत. एका बाजूला निवास आणि दुसऱ्या बाजूच्या गेटचे बुकिंग असले तर जंगलाला बाहेरून मोठा वळसा घालावा लागतो आणि पहाटेची फेरी हमखास चुकते. कोअरच्या फेऱ्या भरल्या असतील तर बफरमधील आगरझरी, देवाडा किंवा जुनोना येथील फेऱ्या घ्याव्यात. वाघाला कोअर आणि बफर यांची सीमा माहीत नसते, आणि बफरच्या फेरीचे उत्पन्न थेट त्या गावांच्या जवळ राहते.

बुकिंग वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः करावे. सुट्ट्यांच्या दिवसांसाठी ते काही महिने आधी केलेले बरे. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी दर अधिक असतात, म्हणून रजा मिळत असेल तर आठवड्याच्या मधले दिवस घ्यावेत. ताडोबा मंगळवारी बंद असते, तसे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी, तेव्हा साप्ताहिक सुट्टी पाहूनच रेल्वेचे आरक्षण करावे. एका जिप्सीत सहा पर्यटक, एक गाइड आणि एक चालक असतात. बुकिंगमध्ये दिलेले नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक गेटवर पडताळतात. जे ओळखपत्र नोंदवले तेच मूळ स्वरूपात बरोबर हवे. माझ्या एका मैत्रिणीच्या कुटुंबाला एका मध्यस्थाने दुसऱ्यांच्या नावावरच्या फेऱ्या विकल्या होत्या. त्यांना पहाटे गेटवरून परत फिरावे लागले आणि पैसेही मिळाले नाहीत.

निदान तीन, शक्य असल्यास चार फेऱ्या घ्याव्यात. एकाच फेरीवर सगळी भिस्त ठेवली की माणूस ताणाखाली जंगल पाहतो. सर्वांत महागडी पूर्ण दिवसाची फेरी पहिल्या खेपेस घेऊ नये.

प्रवास सोपा आहे. संध्याकाळी मुंबईहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस सकाळी नागपूरला पोचते. समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर सलग झाला आहे, पण सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागण्याचा धोका असतो, म्हणून रात्रभर गाडी चालवून सकाळी लगेच फेरीला जाण्याचा बेत करू नये. आदल्या दुपारी पोचावे.

सामानाबद्दल थोडक्यात : मातकट, करड्या किंवा फिकट हिरव्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, धुळीसाठी मोठा रुमाल किंवा पंचा, काठाची टोपी, हिवाळ्यात कानटोपी आणि जाड स्वेटर, पुन्हा भरता येणारी पाण्याची बाटली आणि नेहमीची औषधे. उग्र वासाचे अत्तर लावू नये. पैसे खर्च करायचे असतील तर कॅमेऱ्याआधी दुर्बिणीवर करावेत. आठ पट मोठे दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची, दुकानात 'आठ बाय बेचाळीस' म्हणून मिळणारी दुर्बीण खाडीवर आणि जंगलात दोन्हीकडे चालते. ताडोबाच्या सफारीत मोबाइल नेता येत नाही, तो गेटवर जमा करावा लागतो. या नियमावर कुरकुर करणाऱ्या बहुतेकांना फेरी संपताना तो पटलेला असतो.

सहावा टप्पा : जिप्सीत बसल्यानंतर

फेरी सुरू होण्याआधी गाइडशी दोन मिनिटे बोलावे. हे गाइड आजूबाजूच्या गावांतील तरुण-तरुणी असतात आणि त्यांनी या जंगलात आपल्यापेक्षा कितीतरी अधिक पहाटा पाहिलेल्या असतात. 'दादा, आज वाघ दाखवा हं' असे म्हटले की त्यांच्यावर दडपण येते आणि मग गाडी एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्यावर नुसती धावत राहते. त्याऐवजी, 'आम्ही नवीन आहोत, कॉल ऐकायला थांबलो तरी चालेल, पक्षी आणि झाडेही दाखवा' असे आधीच सांगितले तर फेरीचा सगळा रंगच बदलतो.

आता कॉलबद्दल. वाघ किंवा बिबट्या दिसला की हरणे आणि वानरे धोक्याचा इशारा देतात, त्याला जंगलात सगळे 'कॉल' म्हणतात. चितळाचा इशारा तीव्र, शिट्टीसारखा असतो, पण चितळ भित्रे असल्याने तो कधी कधी उगाच दिलेलाही असतो. वानर उंच फांदीवरून दूरचे पाहते आणि खोकल्यासारखा खरखरीत आवाज काढते. ते कोणत्या दिशेला पाहत आहे, हे आवाजाइतकेच महत्त्वाचे असते. भेकर कुत्र्यासारखे भुंकते. सांबराचा 'ढाँक' असा घुमणारा आवाज मात्र सर्वांत भरवशाचा, आणि तो थांबून थांबून पुन्हा येत राहिला तर वाघ जवळपास चालत असल्याची दाट शक्यता असते. आवाज नसला तरी चितळांचा कळप पाहावा. सगळ्यांचे कान उभे, माना एकाच दिशेला वळलेल्या आणि एखादे चितळ पुढचा पाय जमिनीवर आपटत असेल तर त्या झुडपात काहीतरी आहे. अशा वेळी गाडी थांबवून इंजिन बंद ठेवावे आणि किमान पंधरा मिनिटे कोणी हलू नये. जिप्सीतील लोखंडी दांड्यावर अंगठी आपटल्याचा आवाजही लांब जातो.

कॉल थांबला तरी लगेच निघू नये. वाघ बसला असेल तर कॉल थांबतात, आणि तो उठला की पुन्हा सुरू होतात. आम्ही त्या पहिल्या सकाळी नेमके याच मधल्या शांततेत निघून गेलो होतो.

वाटेत झाडांच्या सालीवर उभे ओरखडे, झुडपांवर वाघाने फवारलेल्या मूत्राचा उग्र वास आणि मातीतले ठसे यांकडे गाइड लक्ष वेधतो. मागच्या पायाचा ठसा चौकोनाकडे झुकणारा असेल तर नर आणि लांबट असेल तर मादी, हा ढोबळ नियम आहे. ऐनाच्या झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात तेव्हा त्यांच्याखाली अस्वले येतात, आणि ताडोबा तलावात मगरी आहेत. गवा, नीलगाय, चौसिंगा, आणि कळपाने एकजुटीने शिकार करणारे रानकुत्रे यांपैकी काहीही दिसले तरी थांबावे. रानकुत्र्यांचा कळप दिसणे हे माझ्या मते वाघ दिसण्यापेक्षा मोठे भाग्य आहे, कारण वाघ बहुतेक वेळा झोपलेला असतो आणि रानकुत्रे सतत काहीतरी करत असतात.

वाघ समोर आला की उभे राहू नये, ओरडू नये, आणि गाडी आणखी जवळ घ्या असे चालकाला सांगू नये. वाघ रस्ता ओलांडणार असेल तर त्याची वाट गाड्यांनी अडवली जाते, आणि पिले असलेल्या वाघिणीला अशा वेळी पिलांपासून तुटल्यासारखे होते. चालक नियम मोडून जवळ नेऊ लागला तर त्याला थांबवण्याची जबाबदारी आपली आहे. आपणच आग्रह धरला नाही, तर चालकाला तो मोह टाळणे सोपे जाते. खाली उतरणे, प्राण्यांना काही खायला टाकणे, आवाजाच्या ध्वनिफिती लावून पक्ष्यांना बोलावणे, हे सगळे वर्ज्य आहे. छायाचित्र घ्यावे, पण आधी दोन मिनिटे नुसत्या डोळ्यांनी पाहावे.

परतल्यावर

त्याच संध्याकाळी, अंगावरची धूळ निघण्याआधी, वहीत तारीख, गेट, फेरीची वेळ, हवामान, ऐकलेले कॉल आणि पाहिलेले प्राणी-पक्षी लिहून काढावेत. न ओळखता आलेल्या पक्ष्याचे वर्णन चित्रासह करावे. छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकताना प्रकल्पाचे नाव लिहावे, परंतु घरटे, गुहा किंवा पिले असलेली जागा कळेल असा तपशील आणि कॅमेऱ्याने नोंदवलेले स्थान काढून टाकावे. खाडीकाठी, येऊरच्या रस्त्यावर किंवा आपल्या सोसायटीच्या आवारात जखमी पक्षी वा प्राणी आढळला तर त्याला पाणी पाजण्याचा किंवा घरी नेण्याचा प्रयत्न न करता, गर्दी दूर ठेवून महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि ते येईपर्यंत थोड्या अंतरावर थांबावे.